घरच्या घरी सिंथ : छंद की नुसती घूं घूं?

पत्र्याखाली

परवा रात्री आमचा चुलतभाऊ वर आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ही घूं घूं किती वेळ?" म्हटलं, चाळीस मिनिटं झालीत, अजून वीस तरी चालेल. "अन् गाणं कधी सुरू होणार?" म्हटलं, हेच गाणं. त्यावर तो जे बोलला ते इथं संपादक ठेवणार नाहीत. तोही इथला सभासद आहे, येईल आणि स्वतःच लिहील. घरात मिटेना म्हणून धागा काढून वाद इथं फोरमवर आणला.

आधी सामान सांगतो. मी परभणीत एका कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहितो. संगीत शिकलेलो नाही. तीन वर्षांपूर्वी बारा हजारांत वापरलेला व्होल्का कीज घेतला. कॉर्ग कंपनीचा २०१३ मध्ये आलेला ॲनालॉग सिंथ, म्हणजे विजेच्या सर्किटांतून सूर काढणारं यंत्र, दोन कंपासपेट्या शेजारी ठेवल्यावर होतील एवढं. एका वेळी तीनच सूर. चौथी पट्टी दाबली की आधीच्या तिघांतला एक गप्प होतो. त्याला जोडून रिव्हर्बचं, म्हणजे आवाज घुमवून लांबवणारं, एक पेडल आणि कानाला हेडफोन किंवा जुना स्पीकर. बस्स.

व्हॉइसचं बटण 'फिफ्थ'वर ठेवलं की एका पट्टीत सा आणि प दोन्ही येतात. फिल्टर, म्हणजे आवाजाचा वरचा भाग कापणारी चाळणी, जवळजवळ बंद करायचा. मग एलएफओ, म्हणजे आपल्या वतीने बटण फिरवत बसणारा यंत्रातला गडी, तो अगदी सावकाशीवर लावायचा. फिल्टर हळूहळू उघडतो. आवाजाचं आधी पोट ऐकू येतं, मग गळा, मग दात, आणि परत मिटत जातो. एवढं झालं की हात मांडीवर ठेवून बसायचं. हे सगळ्यात अवघड. पहिले सहा महिने दर दहा सेकंदांनी काहीतरी पिळावंसं वाटायचं.

याला अँबियंट म्हणतात. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ मध्ये हा शब्द रूढ केला. लक्ष देऊन ऐकलं तरी चालेल, नाही दिलं तरी चालेल, असं संगीत. पण मला ते कळलं आमच्या गल्लीतल्या पीठगिरणीमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, मोटरचं घुमणं त्याच्या दुप्पट, म्हणजे १००. पेटीवरच्या पांढरी पाच पट्टीचा खालचा सूर ९८ हर्ट्झला येतो. मी तो धरला आणि खाली दळण सुरू असलं की दोघांच्या फरकाएवढे, सेकंदाला दोन डोल पडतात. वूं-वूं, वूं-वूं, पाळण्यासारखे. विजेची फ्रिक्वेन्सी जराशी हलली की डोल घाईत येतात नाहीतर सुस्तावतात. दळण संपलं की तुटतात, आणि माझा सूर एकदम उघडा पडतो.

माझं म्हणणं एवढंच की हे लॅपटॉपवर होत नाही. आवाज निघेल, हे होणार नाही. दिवसभर टॅलीसमोर बसून आल्यावर पुन्हा स्क्रीन उघडली की माझा हात आपोआप फाइलला नाव द्यायला जातो. या डबीला स्क्रीन म्हणावी अशी गोष्टच नाही. हार्डवेअरच हवं. विरोधकांनी यावं.

फुकट_पुरे

आलो.

लॅपटॉपवरचे सिंथ बघा. व्हीसीव्ही रॅक फुकट. सर्ज एक्सटी फुकट. व्हलहॅलाचं सुपरमॅसिव्ह नावाचं रिव्हर्ब, तेही फुकट, आणि तुमच्या पेडलपेक्षा पाचपट लांब शेपूट काढतं. तीन सूर कशाला, तीस घ्या. आज जमलेला आवाज उद्या एका क्लिकवर जसाच्या तसा समोर. तुमच्या डबीत उद्या बटणं त्याच जागी लावली तरी तो आवाज येणार नाही, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तर सूरसुद्धा जागेवर राहणार नाही. ॲनालॉग ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारी सर्किटं, उन्हाने सरकतात. दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवून डोळे मिटून ओळखून दाखवा, मी बारा हजार देतो.

'हाताला बटण लागतं' हे कारण मला नेहमी खरेदीनंतर सुचलेलं वाटतं.

पत्र्याखाली

ओळखता येणार नाही. बारा हजार तुमच्याकडेच राहू द्या. सूर सरकतो हेही खरं, मे महिन्यात मी दर अर्ध्या तासाला त्याचं सेल्फ-ट्यूनिंग करतो.

पण तुमचा 'जसाच्या तसा समोर' हा फायदा मला नकोय. उद्या येणार नाही म्हणून तर आज तासभर बसतो. तीन वर्षांत माझ्याकडे जपून ठेवलेल्या फाइल फक्त चार आहेत.

फुकट_पुरे

म्हणजे तुम्हाला शिस्त नाही म्हणून कमी सोयीचं यंत्र घेतलंत. हे प्रामाणिकपणे लिहिलं असतं तर मी वादच घातला नसता.

पत्र्याखाली

लिहितो. मला शिस्त नाही म्हणून कमी सोयीचं यंत्र घेतलं.

वाळूज_शिफ्ट

मी प्रेस शॉपला आहे. आठ तास कानात प्लग. प्लग असूनही प्रेसचा ठोका छातीत येतो, कंप्रेसर धापा टाकतो, मागे फोर्कलिफ्टची पीं पीं. घरी आल्यावर पंखासुद्धा एकवर ठेवतो, बायको उकाड्याने वैतागते. तुमच्या दुकानात दुपारी माशीचा आवाज येत असेल, म्हणून तुम्हाला घूं घूं विकत घ्यावीशी वाटली. ज्याला ती पगारासोबत मिळते त्याला विचारा.

आणि शांत, लांब आवाजच हवा असेल तर सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर वेरूळला या. दहा नंबरचं लेणं, सुतार का झोपडा. छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्यात. गर्दी नसताना हळूच एक 'आ' लावायचा आणि थांबायचं. तो परत येतो तेव्हा आपला राहिलेला नसतो. तिकिटात रिव्हर्ब मिळतं. सेल नको, बटण नको.

पत्र्याखाली

वाळूजभाऊ, याला माझ्याकडे उत्तर नाही. वेरूळला येतो. (यंत्र आणलं तर राखणदार आत सोडेल का, हा विचार मनात आलाच.)

काळी_दोन

मी अंबाजोगाईला गाणं शिकवते. छंदाला विरोध नाही, करा. पण 'सा आणि प एकत्र येतात' एवढ्यावर कुणी त्याला तंबोऱ्याच्या पंगतीला बसवू नये म्हणून लिहिते.

तंबोऱ्याचा आवाज तारेत नसतो, जवारीत असतो. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवत बसायचं. एका जागी आला की तार नुसती वाजायची थांबते आणि झणकारायला लागते. मग खर्जातून गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो खर्जाच्या पाचपट कंपनाचा असतो, म्हणून शुद्ध असतो. तुमच्या यंत्राच्या पट्टीवरचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा आहे, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेत. पंचम त्यामानाने बरा, २ सेंटच उतरलेला. मुलींना मी आधी महिनाभर तंबोऱ्यासमोर गप्प बसवते. तो गंधार ऐकू आला की मगच गाणं.

फुकट_पुरे

ताई, धागाकर्त्याशी माझं भांडण आहे, तरी इथे त्याच्या बाजूने बोलावं लागतंय. तुम्ही पट्टीवरचा गंधार मोजताय. सिंथच्या करवती लहरीत, सॉ वेव्ह म्हणतात ती, मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी सगळी कंपनं आधीपासून असतात. एकच खर्ज धरा, गंधाराची पट्टी दाबूच नका. फिल्टर जिथून कापतो ती जागा म्हणजे कटऑफ; तिथला आवाज फुगवणारं पीक वाढवा आणि कटऑफ मुंगीच्या पावलाने वर न्या. एकेक उपस्वर शिट्टीसारखा सुटा होत जातो. पाचवा येतो तो तुमचाच गंधार, एक सेंटसुद्धा इकडेतिकडे नाही. ९८ च्या सुरावर तो ४९० ला मिळेल.

काळी_दोन

भाच्याच्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. गंधार आहे. चांगला आहे.

पण तो तुम्ही बोट धरून तिथं नेल्यावर आला. तंबोऱ्यात तो न बोलावता येतो, आणि रोज येईलच असं नाही.

पत्र्याखाली

ताई, एक विचारू? मुलींचा घरचा रियाज कशावर असतो?

काळी_दोन

कळला रोख. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या पेटीवर. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांची रॅडेलची पेटी निघाली नसती तर आमच्याकडच्या निम्म्या मुलींचा रियाज झालाच नसता. मिरजेचा तंबोरा एसटीतून आणून बघा, भोपळ्याला तडा न जाता येतो का ते. पेटी सोय आहे. सोयीला मी सोय म्हणते, एवढंच.

देवगिरी_एक्सप्रेस

धागाकर्ते हिशेब लिहितात हे वाचून राहवलं नाही. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. हुद्दा श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख. दिवसा राज्याचे जमाखर्च बघणाऱ्या या माणसाने 'संगीत रत्नाकर' लिहिला. त्यात सप्तकातल्या २२ श्रुती, म्हणजे सुरांच्या बारीक पायऱ्या, कानाला पटवायला प्रत्येकी २२ तारांच्या दोन वीणा घ्यायला सांगितल्यात. एक तशीच ठेवायची, दुसरी श्रुतीश्रुतीने उतरवत न्यायची. हार्डवेअरच की हे!

आणि यंत्रं आपल्याकडे काल आलेली नाहीत. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडरने मूग सिंथेसायझर मांडून स्टुडिओ उभा केला. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने रोलँड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं जोडून दहा राग रेकॉर्ड केले. तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि परदेशातले लोक चक्रावले.

फुकट_पुरे

शार्ङ्गदेवाला ईएमआय नव्हता.

टाळकरी

मीच तो चुलतभाऊ. वाचायलोय मघापासून. लई शहाणी मंडळी जमलीत, माझं थोडक्यात.

मी सप्त्यात पखवाज धरतो. आमच्याकडं चाळीस माणसं मिळून एक सूर धरतात, हा एकटा बसून तीन धरायलाय. कुणासाठी? ताई शिकवतात, पुढं मुली गातात. वाळूजवाल्याचा आवाज निदान त्याच्या पोटाला लागतो. ह्याच्या घूं घूंला ना समोर कुणी बसलेलं, ना मागं कुणी म्हणणारं. हेडफोन लावला की घरच्यांनासुद्धा नाही. वहिनी खालून जेवायला हाका मारायली अन् हा डोळे मिटून. गाणं म्हणजे दुसऱ्यानं धरायला पाहिजे. एकानं सोडलं की दुसऱ्यानं उचललं पाहिजे. यंत्र चुकतबी नाही अन् उचलतबी नाही.

पत्र्याखाली

दादा, सप्त्यात वीणा किती दिवस वाजते?

टाळकरी

सात दिवस. रात्रंदिवस. खाली ठेवत नाहीत, पहारा बदलतो.

पत्र्याखाली

सात दिवस एकच सूर चालतो, आणि माझी चाळीस मिनिटं तुला खुपली!

टाळकरी

येडा का खुळा तू. वीणेकरी सूर धरत नाही, नाम धरतो. तार सोबतीला असते. रात्री तीनच्या पहाऱ्याला मी उभा राहिलोय, म्हणून सांगायलोय. मांडवात दोन म्हातारे झोपलेले, एक कुत्रं, अन् आपण. पायाला मुंग्या येतात, जीभ जड होते, तारेवर बोट आपोआप पडतं. आपण वाजवायलोय का ती वाजायलीय, कळत नाही. पण चार वाजता दुसरा येणार अन् आपल्या गळ्यातून वीणा त्याच्या गळ्यात जाणार, हे माहीत असतं म्हणून उभं राहवतं.

वाळूज_शिफ्ट

टाळकरी माऊली, दंडवत. नाइट शिफ्टला रिलीव्हर येतो तेव्हाही अगदी असंच.

पत्र्याखाली

आपण वाजवतोय की ती वाजतेय हे कळेनासं होणं, मी त्यासाठीच बसतो. पण माझ्याकडे चार वाजता कुणी येत नाही, हे बरोबर बोललास. रात्रभर वाचून झालं हे.

नवशिक्या_उदगीर

वाद चालू द्या, मध्ये एक शंका. मीही व्होल्का घेतलाय. गिटार पेडलचा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला तर सुरूच होत नाही. जळाला का?

पत्र्याखाली

तो आधी काढा. पेडलच्या अ‍ॅडॉप्टरला मध्ये ऋण असतं, याला मध्ये धन लागतं. सहा सेल घालून बघा, बहुतेक चालेल. तसंही सेलवरच वाजवा. आमच्याकडे अर्थिंगच्या नावाने आनंद आहे, अ‍ॅडॉप्टर लावला की यंत्राच्या आधी भिंतच वाजायला लागते.

नवशिक्या_उदगीर

चालला! धन्यवाद दादा.

टाळकरी

बरं, ऐक. एकादशीला मारुतीच्या पारावर भजन आहे. आमचा पेटीवाला पोरीकडं पुण्याला गेलाय, आठ दिवस येत नाही. बुवा काळी चारला गातात. तुझ्या डबीत काळी चार आहे का?

पत्र्याखाली

आहे. पण दादा, मला एकच सूर धरता येतो. पेटीसारखी साथ जमणार नाही.

टाळकरी

तेच पाहिजे. मधी मधी काही पिळू नको. पारावर प्लग आहे, पण हात लावला तर झिणझिण्या येतात.

पत्र्याखाली

प्लग नको. सेल नवे घालून आणतो.