मदत हवी आहे: रेडिओ दीर्घिकेचा वर्णपट ३ गिगाहर्ट्झला एकदम का कोसळतोय?

निशाचर (धागाकर्ता)

जाणकारांची मदत हवी आहे. मी हौशी माणूस, स्वतःची दुर्बीण नाही. रेडिओ सर्वेक्षणांची सगळ्यांसाठी खुली असलेली चित्रं उतरवून चाळत बसतो. सध्या एका दीर्घिकेवर गाडी अडली आहे. मधोमध बारीक ठिपका, तो नेमका एका लंबवर्तुळाकार दीर्घिकेच्या केंद्रावर बसतो. दोन्ही बाजूंना लोब, म्हणजे केंद्रातल्या कृष्णविवराजवळून सुटणाऱ्या झोतांनी (जेटनी) फुगवलेले रेडिओ ढग, या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच आर्कमिनिटं (एक आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). स्लोन या दृश्यप्रकाशातल्या सर्वेक्षणात ताम्रसृती (प्रकाश लाल बाजूला किती सरकलाय तो आकडा, त्यावरून अंतर कळतं) ०.११ दिली आहे, म्हणजे आकाशाच्या प्रतलातली लांबी जवळजवळ दहा लाख प्रकाशवर्षं भरते.

तीन रेडिओ सर्वेक्षणांतून एकूण फ्लक्स (आपल्यापर्यंत पोचणारं रेडिओ तेज, मिलीजान्स्की या एककात) असा मिळाला:

टीजीएसएस, १५० मेगाहर्ट्झ: ८५० मिलीजान्स्की
एनव्हीएसएस, १.४ गिगाहर्ट्झ: १८०
व्हीएलएएसएस, ३ गिगाहर्ट्झ: ५२

पहिल्या दोन आकड्यांतून वर्णपटाचा निर्देशांक (वारंवारता वाढते तसं तेज किती झपाट्याने उतरतं तो आकडा) उणे ०.७ येतो, सिंक्रोट्रॉनला (चुंबकीय क्षेत्रात भरधाव फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या किरणांना) शोभेल असा. पुढच्या दोनमधून थेट उणे १.६! जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा आधी गमावतात, त्यामुळे जेटचा पुरवठा तुटला की वर्णपट वरच्या वारंवारतेला झपकन उतरतो, एवढं मला ठाऊक आहे. मग इथलं कृष्णविवर शांत झालंय असं म्हणायचं का?

दोन उपप्रश्न. मधल्या ठिपक्याच्या तेजावरून कृष्णविवराचं वस्तुमान काढता येईल का? आणि व्हीएलएएसएसमध्ये लोबची बाहेरची टोकं उजळ दिसतात, तर ही एफआर-२ प्रकारची (टोकांना सर्वांत उजळ असलेली रेडिओ दीर्घिका) समजू का?

तिरपा_आस

कृष्णविवराचा मृत्युलेख लिहायची घाई नको. :)

आधी हिशोब बघू. उणे ०.७ तसाच पुढे चालू राहिला असता तर ३ गिगाहर्ट्झला साधारण १०६ मिलीजान्स्की यायला हवे होते. तुम्हाला ५२ मिळाले, म्हणजे निम्मा माल गायब. तो दीर्घिकेतून गायब झालाय की चित्रातून, हा खरा प्रश्न.

एनव्हीएसएस आणि व्हीएलएएसएस दोन्ही व्हीएलए या अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणीच्याच २७ अँटेनांनी केलेली, पण मांडणी वेगळी. एनव्हीएसएसला अँटेना जवळजवळ होत्या, त्यामुळे बीम (चित्रात वेगळा ओळखता येणारा सर्वांत लहान आकार) ४५ आर्कसेकंदांचा (६० आर्कसेकंद म्हणजे एक आर्कमिनिट), भोंगळ, पण पसरट भाग नीट पकडणारा. व्हीएलएएसएसला त्या लांब पसरलेल्या असतात. बीम अडीच आर्कसेकंदांचा मिळतो आणि त्याची किंमत अशी की साधारण एका आर्कमिनिटाहून मोठी रचना दिसतच नाही. त्यातून एकेका जागेला काही सेकंदच मिळतात, म्हणून व्यवहारात ही मर्यादा आणखी खाली येते. थोडक्यात ही उलटी चाळण आहे: बारीक दाणे राहतात, मोठे निसटतात. तुमचे लोब एकेक किती मोठे आहेत?

मधल्या ठिपक्याचे आकडेही द्या, फर्स्ट (व्हीएलएचंच १.४ गिगाहर्ट्झचं आणखी एक सर्वेक्षण) आणि व्हीएलएएसएस दोन्हींतले.

निशाचर

एकेक लोब ५० ते ६० आर्कसेकंद. ठिपका फर्स्टमध्ये ३.९ मिलीजान्स्की, व्हीएलएएसएसमध्ये ४.१.

कोष्टक

व्हीएलएएसएसचं चित्र ४५ आर्कसेकंदांपर्यंत धूसर करा आणि मग मोजा. बीम सारखा झाला की प्रश्न मिटेल.

तिरपा_आस

@कोष्टक, इतर वेळी हेच करायचं, पण इथे उपयोग नाही. धूसर केल्याने बीम जुळेल, पण जे कमी अंतराच्या अँटेना-जोड्यांअभावी मोजलंच गेलं नाही ते परत कुठून येणार?

त्याऐवजी एकट्या तबकडीने घेतलेलं मोजमाप शोधा. तिथे निसटण्याचा प्रश्नच नसतो. निशाचर, तुमचा स्रोत खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेला असेल तर ग्रीन बँकची जीबी६ यादी बघा, ४.८५ गिगाहर्ट्झची. ती ९१ मीटरची दुर्बीण १९८८ मध्ये कोसळली, यादी मात्र अजून कामाला येते. निर्देशांक उणे ०.७ असेल तर तिथे ७५ मिलीजान्स्कीच्या आसपास दिसेल आणि खरंच उणे १.६ असेल तर जेमतेम २४. एवढा फरक कुठल्याही त्रुटीत लपणार नाही.

ठिपक्याबद्दल: १.४ आणि ३ ला जवळपास सारखंच तेज, म्हणजे सपाट वर्णपट. जेटच्या मुळाशी सिंक्रोट्रॉन किरणं स्वतःच शोषली जातात तेव्हा असं दिसतं. दोन्ही मोजमापांत बऱ्याच वर्षांचं अंतर आहे आणि असे गाभे (मधले ठिपके) बदलते असतात, त्यामुळे आकडा अगदी काटेकोर धरू नका. पण गाभा पेटलेला आहे. लोबच्या टोकांना हॉटस्पॉटही (जेट जिथे आदळतो त्या उजळ जागा) दिसतायत आणि पुरवठा तुटला तर ते लोबच्या कितीतरी आधी विझतात.

अर्धवलय

वस्तुमानाचं मी सांगते. नुसत्या रेडिओ तेजावरून नाही काढता येत. ते तेज जेट किती जोरात आहे आणि आपल्याकडे किती वळलेला आहे यावर ठरतं. जेट आपल्या दिशेने असेल तर डॉप्लर परिणामामुळे (वेगाने जवळ येणाऱ्याचं तेज वाढल्यामुळे) फुगवून दिसतो. २००३ मध्ये रेडिओ तेज, क्ष-किरण तेज आणि वस्तुमान यांना जोडणारं ‘फंडामेंटल प्लेन’ मांडलं गेलं, पण एकट्यादुकट्या स्रोताला ते लावलं तर उत्तर जवळपास दहापट इकडेतिकडे जाऊ शकतं. एम८७ या जवळच्या दीर्घिकेची गोष्ट निराळी. तिथे २०१७ मध्ये १.३ मिलीमीटर तरंगलांबीवर निरीक्षणं झाली, ४२ मायक्रोआर्कसेकंद व्यासाचं कडंच दिसलं आणि त्यावरून ६५० कोटी सूर्यांएवढं वस्तुमान निघालं. तुमची दीर्घिका कितीतरी दूर आहे, तिथे तो मार्ग बंद.

स्लोनच्या वर्णपटात ताऱ्यांच्या वेगांचा विस्तार (दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते) दिलेला असेल, तो वापरा; तो जितका जास्त तितकं कृष्णविवर जड. समजा २६० किलोमीटर प्रतिसेकंद आहे, तर साधारण १०० कोटी सूर्य, आणि त्यातही दुपटीची ढिलाई धरायची. अशा कृष्णविवराची त्रिज्या युरेनसच्या कक्षेएवढी भरते. तेवढ्या जागेतून दहा लाख प्रकाशवर्षांचा पसारा! (अवांतर झालं, पण राहवलं नाही.)

निशाचर

सगळ्यांचे आभार. जीबी६ मध्ये सापडला: ७१ मिलीजान्स्की. १.४ पासून निर्देशांक उणे ०.७५. वेगांचा विस्तार २४५ आहे.

तिरपा_आस

झकास. एक काळजी घ्या, जीबी६ चा बीम साडेतीन आर्कमिनिटांचा आहे, शेजारचा एखादा स्रोत त्यात मिसळला नाही ना हे एनव्हीएसएसच्या चित्रात तपासा. एफआर प्रकार व्हीएलएएसएसवरून ठरवू नका. पसरट भाग गळाला की फक्त हॉटस्पॉट उरतात आणि कुठलीही दीर्घिका एफआर-२ सारखी भासू लागते. लोफार या युरोपातल्या रेडिओ दुर्बिणीच्या लॉट्स सर्वेक्षणात तुमचा भाग आलाय का? तिथे १४४ मेगाहर्ट्झला ६ आर्कसेकंदांचा बीम आहे आणि पसरट भागही राहतो.

निशाचर

शेजारी कोणी नाही, आत्ताच पाहिलं. लॉट्समध्येही आहे, चित्र उतरवायला लावलंय. त्यात एका लोबमागे अंधूक शेपटासारखं काही निघालं, तर त्याचा वेगळा निर्देशांक कसा काढायचा ते विचारायला याच धाग्यावर येतो.