झाडीतले ग्रॅव्हल रस्ते: पुण्याहून कुठे जावं?

बाणेरकरीण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोड बाइक चालवली, आता ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालणारी सायकल, घेतली आहे. 40 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर, डिस्क ब्रेक. घेण्यामागचं कारण एकच, डंपर आणि सिमेंट मिक्सरच्या शेजारून सायकल हाणायचा आता कंटाळा आलाय. खडकवासला, पानशेत, सिंहगडाचा पायथा हे सगळं करून झालं, पण ते डांबरीच. सासवड-जेजुरीकडचं माळरान मला आवडतं, मात्र होळीनंतर तिकडे सावलीला एक झाड मिळत नाही.

मला झाडी हवी आहे. पहाटे निघून जेवायच्या वेळेला घरी येता येईल असा एक रस्ता सुचवा आणि अख्खा दिवस मोकळा असेल तेव्हासाठी दुसरा. बहुतेक वेळा एकटीच असते, तेही लक्षात घ्या.

तळजाईवाला

इतक्या लांब कशाला? वेताळ टेकडी आहे की. मातीच्या वाटा आहेत, झाडी आहे, तासाभरात घरी. सुरुवातीला हात बसवायला उत्तम.

घाटमाथा

वेताळ टेकडीबद्दल माझा विरोध नोंदवतो. सकाळी तिथे म्हातारी माणसं, लहान मुलं, कुत्री फिरवणारे असे सगळे त्याच अरुंद वाटांवर असतात. शिवाय टेकडीवर मातीचा थर पातळ आहे. उतारावर चाकाची एक रेघ पडली की पावसाचं पाणी तीच धरतं आणि काही पावसाळ्यांत तिथे घळ तयार होते. शहराच्या मधोमध एवढी टेकडी शिल्लक आहे, ती चालणाऱ्यांसाठी राहू द्या.

बाणेरकरीण, ग्रॅव्हल म्हटलं की लोक जंगलात पायवाटा शोधायला लागतात. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या रस्त्यावरून गावची एसटी जाते, दुधाचे कॅन जातात, पण डांबर काही टिकत नाही, तो आपला रस्ता. असे रस्ते मावळ-मुळशीत सापडतात ते पावसामुळे. पुणे शहरात वर्षाला 700-750 मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीला 6000 च्या वर पडतो आणि हे अंतर सायकलने एका सकाळचं आहे. तेवढ्या पाण्यात डांबर उखडतं, मागे खडी आणि मुरूम राहतो. झाडीही त्याच पाण्यावर वाढते, त्यामुळे या दोन गोष्टी एकत्रच भेटतात.

मुरूम ओळखायला शिका, सगळं त्यावर आहे. मुरूम म्हणजे झिजलेला काळा कातळ. त्यातून पाणी झिरपून जातं, दोन दिवस उघडीप मिळाली की चाक घट्ट बसतं. खालच्या खोऱ्यात, भाताच्या खाचरांजवळ मात्र चिकट माती असते. ती ओली असताना टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी भरते की चाक फिरायचंच थांबतं. म्हणून दसऱ्याच्या आसपास डोंगराच्या अंगावरचे, चढावरचे रस्ते धरायचे आणि खोऱ्यातल्या गाडीवाटा भातकापणी उरकल्यावर, नोव्हेंबरअखेरीस. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी ताम्हिणीकडे फिरकूच नका. धुकं, दरडी आणि धबधब्यांसाठी आलेल्या गाड्यांची रांग, यात सायकलवाल्याला जागा नसते.

अर्ध्या दिवसासाठी कोळवण खोरं. चांदणी चौक आणि भूगाव टाळायचं असेल तर बाणेरहून सूस, नांदे, घोटावडे असं करत पौड गाठा. पौडहून उजवीकडे कोळवण, पुढे हाडशी, मग जवण आणि तिकोना पेठ. मुख्य रस्ता बराचसा डांबरी आहे, हे आधीच सांगतो. पण दोन्ही बाजूंना वाड्यावस्त्यांकडे जाणारे मुरमाचे फाटे फुटतात, खरी मजा त्यांच्यात. एक फाटा धरायचा, वस्तीपर्यंत जायचं, कुणी दिसलं तर रस्ता पुढे निघतो का ते विचारायचं, नाहीतर परत. हाडशीच्या पुढे चढ लागतो. तो संपला की समोर तिकोना किल्ला आणि थोड्या वेळाने पवनेचं पाणी. वेळ उरला तर पवनानगरपर्यंत जा, नाहीतर तिकोना पेठेत चहा घेऊन आल्या वाटेने परत. अख्खी वर्तुळं पूर्ण करायचा हट्ट धरला की घाई होते आणि फाटे राहून जातात.

अख्ख्या दिवसाचा रस्ता माझ्या सगळ्यात जवळचा: लोणावळा ते ताम्हिणी, घाटमाथ्याच्या कडेकडेने. सायकल गाडीवर घालून लोणावळ्याला जा. पेठ शहापूरला कोरीगड डावीकडे ठेवून आंबवणे आलं की गर्दी मागे पडते. पुढे सालतरची खिंड, तैलबैलाचा फाटा, मग भांबर्डे, पिंपरी आणि निवे. तैलबैलाच्या त्या कातळाच्या दोन उभ्या भिंती बराच वेळ दिसत राहतात, कधी बाजूला, कधी समोर. भांबर्ड्याजवळ घनगड. इथे डांबर तुकड्यातुकड्यांत आहे आणि झाडी म्हणाल तर जांभूळ, अंजन, हिरडा, उतारांवर कारवी. कारवी सात वर्षांनी फुलते, त्या वर्षी गेलात तर नशीब. पिंपरीच्या पुढून अंधारबनाची वाट सुटते. ती चालण्याची वाट आहे, सायकल तिकडे वळवू नका. ताम्हिणीचा परिसर 2013 पासून अभयारण्य आहे आणि त्याच्या हद्दीत आपण फक्त रस्त्यावर.

निव्याला मुख्य रस्ता मिळाला की पौडच्या दिशेने डांबर, पण हा तुकडा कंटाळवाणा समजू नका. मुळशी धरणाचं पाणी सोबत असतं आणि रस्ता त्याच्या फाट्याफाट्यांना वळसे घालत जातो. या पाण्याखाली गावं आहेत. 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. टाटांच्या धरणातलं हे पाणी पश्चिमेला कोकणात भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. मी दरवेळी इथे थांबतो. ज्यांची शेतं गेली त्यांच्या नातवंडांच्या टपऱ्यांवर आपण चहा पितो, हे माहीत असावं असं मला वाटतं.

घरापर्यंत सायकलनेच आलात तर शंभराच्या बऱ्यापैकी वर किलोमीटर होतात. पहिल्यांदा जाताना लोणावळ्याहून तैलबैला फाट्यापर्यंत जाऊन परत या, गाडीही तिथेच असेल.

मुळशीकर

ताई, मी कोळवण खोऱ्यातलाच. वर दादांनी लिहिलंय ते बरोबर आहे, आमच्याकडून थोडं जोडतो.

वस्तीच्या फाट्यावर आलात तर खुशाल या, पाणी मागा, कुणी नाही म्हणणार नाही. कुत्री अंगावर आली तर पळवू नका सायकल, उतरून सायकल मध्ये धरा, मालक हाक मारतो. खळ्यावर भात पसरलेला असेल तर कडेने चालत जा.

गावाबाहेर गर्द झाडांचा एखादाच पुंजका दिसला आणि आत शेंदूर लावलेला दगड असला तर ती देवराई. आमच्यात तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत. फोटो बाहेरून काढा. आणि माघ-फाल्गुनात गवत वाळलं की वणव्याची भीती. सोबत कुणी विडी-सिगारेटवाला असला तर त्याला आधीच सांगा.

आणखी एक. तुम्हाला कच्चा रस्ता आवडतो, पण बाळंतिणीला रात्री पौडला न्यायचं असतं तेव्हा आम्हाला पक्काच हवा असतो. तो झाला तर वाईट वाटून घेऊ नका.

बाणेरकरीण

मुळशीकर दादा, मनापासून आभार. देवराईचं मला ठाऊक नव्हतं.

घाटमाथा, दोन शंका. टायरमध्ये हवा किती ठेवावी? माझं वजन साठच्या आसपास. आणि भांबर्ड्याच्या बाजूला एकटीने जावं का?

घाटमाथा

मुळशीकर, रस्ता पक्का झाला तर आनंदच आहे. आम्हाला दुसरा फाटा मिळेल, बाळंतिणीला दुसरा रस्ता नाही.

हवा: पुढे 32, मागे 35 पीएसआयपासून सुरू करा. मुरमावर चाक उड्या मारत असेल तर दोन-दोनने कमी करा, खडीवर रिमला ठोका बसायला लागला की थांबा. सीलंट, म्हणजे टायरच्या आतलं भोक बुजवणारं द्रव, उन्हाळ्यात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह काढून बघा. आपल्याकडे कुंपणाला करवंदीच्या फांद्या टाकतात, त्यांचे काटे रस्त्यावर येतात. सीलंट ओलं असेल तर कळतसुद्धा नाही. तरी एक ट्यूब सोबत हवीच. ब्रेकला मेटलचे पॅड घाला. ओला मुरूम रेझिनचे पॅड एका दिवसात खाऊ शकतो आणि हाडशीचा उतार ब्रेकशिवाय उतरायचा नसतो. गिअरमध्ये निदान एकास एक असू द्या, पुढे 34 दात तर मागेही 34.

कोळवणला एकटीने जायला हरकत नाही, दर थोड्या अंतरावर वस्ती आहे. आंबवण्याच्या पुढे मात्र पहिल्यांदा कुणाला तरी सोबत घ्या. भीती माणसांची नाही. तिकडे मोबाइलची रेंज धरून चालता येत नाही, चेन तुटली किंवा पडून हात दुखावला तर पुढची एसटी कधी येईल तेही सांगता येत नाही. निघताना घरी रस्ता लिहून ठेवा, गावांच्या नावांसकट. आंबवण्यात पाणी पूर्ण भरून घ्या, पुढे दुकान उघडं असेलच असं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी आणि दोन मित्र लोणावळ्याहून तैलबैला फाट्यापर्यंत जाऊन येणार आहोत. यायचं असेल तर इथेच कळवा, सकाळी सहाला निघू.