'सिरियस पॉसिबिलिटी' म्हणजे नक्की किती?

गवती चहा
मंडळी एक शब्द अडलाय. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने आपल्या गुप्तचर कारभाराची घडी कशी बसवली यावर भाचीसाठी मराठीत टिपण करतेय. त्यात मार्च १९५१ चा एक अहवाल आहे, युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होईल का यावर. तिथला नेता टिटो आणि सोव्हिएत रशियाचा स्टालिन यांचं १९४८ मध्येच फाटलं होतं, शेजारच्या हंगेरी-रुमानिया-बल्गेरियात फौजफाटा वाढत होता. तर अहवाल म्हणतो की हल्ला ही 'सिरियस पॉसिबिलिटी' समजावी. मी आधी 'गंभीर शक्यता' लिहिलं पण ते आयसीयूतल्या पेशंटसारखं वाटतंय. 'दाट शक्यता' चालेल का?

शेवटची लोकल
दाट म्हणजे जवळपास होणारच. पेपरात 'दाट शक्यता' आली की आपण छत्री घेऊन निघतो. दुसऱ्या टोकाला 'शक्यता नाकारता येत नाही' आहे, त्याचा अर्थ वार्ताहराला काहीच माहीत नाही :) तुला मधलं काहीतरी हवंय.

गवती चहा
हो पण मधलं म्हणजे कुठलं तेच तर कळत नाहीये

मु. पो. कोकण
गंमत म्हणजे हाच प्रश्न तेव्हा तिथेही पडला होता. अहवाल ज्या ऑफिसातून निघाला तिथे शर्मन केंट म्हणून येलचा इतिहासाचा प्राध्यापक होता. परराष्ट्र खात्यातल्या एकाने त्याला सहज विचारलं की बाबा तुमची सिरियस पॉसिबिलिटी म्हणजे किती? केंट म्हणाला, माझ्या मते हल्ला होण्याकडे ६५, न होण्याकडे ३५. समोरचा उडालाच, त्याने आणि त्याच्या लोकांनी बरंच कमी धरलं होतं. मग केंटने आपल्याच सहकाऱ्यांना, म्हणजे ज्यांनी एकत्र बसून ते वाक्य पास केलं होतं त्यांना, एकेकाला विचारलं. एक म्हणे ८०-२०, दुसरा म्हणे २०-८०, बाकीचे मधे कुठेतरी. शब्दावर सगळ्यांचं एकमत आणि अर्थावर कुणाचंच नाही. (हल्ला झाला नाही तो नाहीच.)

शेवटची लोकल
भारी!! आपल्या सोसायटीच्या मीटिंगचा ठराव असाच असतो

गवती चहा
😂 बरं आता दुसरा प्रश्न. 'इंटेलिजन्स'ला मी सगळीकडे 'हेरगिरी' लिहिलंय, ते बरोबर आहे ना?

मु. पो. कोकण
नाही, निदान सुरुवातीच्या काळासाठी तरी नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने युद्धकाळातली गुप्तचर संस्था ओएसएस सप्टेंबर १९४५ मध्ये मोडीत काढली आणि मग परराष्ट्र, लष्कर, नौदल जो तो आपापले कागद त्याच्या टेबलावर आणून टाकायला लागला, एकाचं दुसऱ्याशी जुळेना. म्हणून २२ जानेवारी १९४६ ला सेंट्रल इंटेलिजन्स ग्रुप काढला. माणसं उसनी, पैसे पण त्याच खात्यांचे, आणि मुख्य काम काय तर सगळ्यांचे कागद जुळवून रोजचा एक सारांश राष्ट्राध्यक्षाला देणं. सीआयए नंतरची, सप्टेंबर १९४७ ची, आणि ज्या कायद्याने ती आली त्यातही तिचं काम म्हणून समन्वय आणि मूल्यमापन हेच शब्द आहेत. तेव्हा 'गुप्तवार्ता' लिही. आपल्या राज्याच्या खात्याचं नावच गुप्तवार्ता विभाग आहे. गुप्तचर म्हणजे हिंडणारा माणूस, गुप्तवार्ता म्हणजे त्याने किंवा आणखी कुणी आणलेली माहिती.

शेवटची लोकल
पण ट्रुमनने स्वतःच या लोकांना व्हाइट हाउसात जेवायला बोलावून काळे झगे, काळ्या हॅट आणि लाकडी खंजीर दिले होते ना? जानेवारी १९४६ मध्येच. मग हेरगिरी नाही कसं म्हणता

मु. पो. कोकण
अहो तो चेष्टेचा भाग. खंजीर लाकडी होता हे विसरू नका.

गवती चहा
ओके गुप्तवार्ता फायनल. पण शक्यतेचं काय? हवामान खात्यासारखं करता येईल का, त्यांचं 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पाव भागापर्यंत असं ठरलेलं असतं म्हणे

शेवटची लोकल
ते किती जागी पडेल याचं माप आहे ग, पडेल की नाही याचं नाही. गल्लत होते त्यात.

मु. पो. कोकण
केंटने पण असलाच तक्ता केला होता. 'जवळजवळ नक्की' म्हणजे ९३ च्या आसपास, 'संभवनीय' म्हणजे ७५ च्या आसपास, 'निम्मी-निम्मी' म्हणजे ५०, असं उतरत खाली. ऑफिसातले निम्मे लोक वैतागले. आकडा मागणाऱ्यांना त्याने गणिती म्हटलं आणि शब्दांवर जीव असलेल्यांना कवी. कवींचं म्हणणं असं की अंदाजाला आकडा चिकटवला की तो आहे त्यापेक्षा पक्का वाटायला लागतो, आणि खरं सांगू का मला ते पटतं.

गवती चहा
मग मी 'बऱ्यापैकी शक्यता' लिहिते आणि पुढे कंसात ६५ टक्के टाकते, म्हणजे भाचीला प्रश्नच नको

मु. पो. कोकण
'बऱ्यापैकी' झकास, ८०-वाल्याला पण चालेल आणि २०-वाल्याला पण. कंस मात्र काढ. ६५ लिहिलं असतं तर त्या टेबलावर ते वाक्य पासच झालं नसतं.