'खाण तशी माती' म्हणे! गुन्हेगारीच्या जनुकाबद्दल थोडं

खडूस: काल इथे एकाने "गुन्हेगार जन्मावाच लागतो, विज्ञानाने सिद्ध केलंय" असं ठोकून दिलं. एमएओए जनुक (मेंदूतली रसायनं मोडणारं एन्झाइम बनवणारं), मेंदूचे रंगीत फोटो आणि शेवटी 'खाण तशी माती'. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. रात्री झोप येईना, म्हणून हे लांबण.

इटलीत लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरला एका कैद्याच्या कवटीत खळगा दिसला आणि त्यावरून 'जन्मजात गुन्हेगार' हा प्राणी तयार झाला. १८७६ साली पुस्तक आलं, मग जबडे मोजा, कान मोजा. हे वाचून आपण हसतो. पण त्याच्याही पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी आपल्याकडे कवटीबिवटी न मोजताच काम उरकलं होतं. सुताराचा पोरगा सुतार, तर चोराचा पोरगा चोर. झाला गुन्हेगार जमाती कायदा: अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार. पुढे पारधी, कैकाडी, मांग-गारुडी सगळे त्या यादीत. 'जीन' हा शब्दच मुळात १९०९ चा. म्हणजे निकाल आधी लागला, पुरावा नंतर शोधायला निघाले.

लॅबवाली: अन्याय झाला हे शंभर टक्के मान्य. पण दर वेळी लोंब्रोसोचं भूत उभं केलं की पुढचं कोणी ऐकतच नाही. १९९३ मध्ये एका डच घराण्यातल्या पुरुषांमध्ये एमएओए पूर्ण बंद पडलेलं सापडलं. चटकन भडकणं, मारहाण, आग लावणं. ते जनुक एक्स गुणसूत्रावर आणि बायकांकडे एक्स दोन, म्हणून त्या सुटल्या. हे खोटं? २००३ मध्ये छापून आलेलं अमेरिकेतलं प्रकरण घ्या. चाळिशीचा शिक्षक, अचानक लहान मुलांबद्दल विकृत ओढ. मेंदूत गाठ निघाली. काढली, ओढ गेली. गाठ पुन्हा वाढली, ओढ परत आली. इथेही 'समाज दोषी' म्हणणार का?

खडूस: गाठ हा आजार झाला हो. गाठ कोणी वारशाने जातीला देत नाही. आणि ते डच घराणं म्हणजे लाखात एक. लोक ज्याला 'योद्धा जनुक' म्हणून मिरवतात तो एमएओएचा मंद, म्हणजे कमी चालणारा, प्रकार युरोपीय वंशाच्या साधारण एक तृतीयांश पुरुषांत असतो. भरा सगळ्यांना तुरुंगात.

लॅबवाली: तेच तर २००२ च्या न्यूझीलंडमधल्या, ड्युनेडिनच्या अभ्यासात आहे! तिथे मुलांचा जन्मापासून माग ठेवलाय. नुसत्या मंद जनुकाने काही होत नाही. लहानपणी छळ झाला *आणि* जनुक मंद, तर धोका वाढतो. मी 'दोन्ही' म्हणतेय, तुम्ही 'फक्त जनुक' असं ऐकताय.

निवृत्त खाकी: तुमचं चालू द्या. ३१ वर्षं नोकरी केली, एक सांगतो. घरफोडी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर. पुरावा नंतर. वरिष्ठांनी तसंच शिकवलं, मीही पुढच्यांना तसंच शिकवलं. रेकॉर्डवर त्यांचीच नावं जास्त, कारण उचलायचो त्यांनाच. हे कळायला पेन्शन सुरू व्हावी लागली.

मुक्काम सोलापूर: साहेब, उशिरा का होईना, बोललात. माझा आजा सोलापूरच्या सेटलमेंटमधला, म्हणजे 'गुन्हेगार' जमातींना डांबायच्या वसाहतीतला. तारेचं कुंपण, हजेरी, गिरणीत कामाला जायलाही परवानगी लागायची. कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, तोवर स्वातंत्र्य पाच वर्षांचं झालं होतं. मग मुंबई राज्याने १९५९ मध्ये 'सराईत गुन्हेगार' नावाचा नवा कायदा आणला. पाटी बदलली, दुकान तेच. शाळेत कुणाची पेन हरवली की मास्तर आधी माझं दप्तर उलटं करायचे. तुमचं ते 'दोन्ही' वाचायला छान वाटतं ताई. पण आमच्या दारात येईपर्यंत त्यातलं एकच उरतं.

बंडू गॅरेजवाला: जनुकं राहू द्या, शिसं बघा! पेट्रोलमधलं, पोरांचा मेंदू बिघडवणारं. अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून काढत गेले, नव्वदीत गुन्हे धडाधड खाली. सिनसिनाटीत ज्या पोरांच्या रक्तात शिसं जास्त होतं त्यांना मोठेपणी अटकाही जास्त झाल्या. आपल्याकडे २००० पर्यंत तेच पेट्रोल होतं. मी तर १९८८ पासून कार्बोरेटर तोंडाने फुंकलेत.

पितळी डबा: शिसं म्हणाल तर कल्हई! कथील महाग म्हणून हल्लीचे कल्हईवाले शिसं मिसळतात. त्यात आंबट आमटी केली की थेट पोटात.

बंडू गॅरेजवाला: आमचे आजोबा कल्हईच्या पातेल्यातली आमटी खाऊन ९२ जगले. एक कोंबडी चोरली नाही.

पितळी डबा: तेव्हाची कल्हई शुद्ध होती! नवसागर टाकला की धूर कसा उठायचा. आता सगळा झगमगाट.

लॅबवाली: शिशाबद्दल: त्याच ड्युनेडिनच्या मुलांचं २०१८ मध्ये पाहिलं तर शिसं आणि गुन्हे यांचा धागा अगदी बारीक निघाला. तिथे गरीब-श्रीमंत सगळ्यांच्याच रक्तात शिसं होतं. इतर ठिकाणी शिसं गरीब वस्तीतच साचतं, म्हणून गरिबीचं खापर शिशावर फुटत असावं.

खडूस: अहो, हेच मी जनुकाबद्दल म्हणतोय!

लॅबवाली: हो, म्हणताय. रागाने म्हणताय, म्हणून ऐकू येत नव्हतं. बरं, मंद जनुकाचं सोडते. पण २००९ मध्ये इटलीतल्याच त्रिएस्तेच्या अपील न्यायालयाने एका खुन्याची शिक्षा एमएओए वगैरे पाहून वर्षभराने कमी केली. म्हणजे तुमच्या लोंब्रोसोच्या देशात जनुकाचा आरोपीला फायदाच झाला. त्याचं काय?

खडूस: एका वर्षाची सूट! आमच्याकडे जमातीच्या जमातींना जन्मठेप. हिशेब तुम्हीच करा.

निवृत्त खाकी: आणि सगळ्यात पक्कं गुणसूत्र मला विचारा. वाय. आपल्या तुरुंगांत १०० मागे ९५ च्या वर पुरुष. त्यांची हजेरी घ्यायचा कायदा कोणी काढला नाही.

मुक्काम सोलापूर: 😂 साहेब, आता खरं बोललात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर कामं वाटणारी आणि विमुक्तांना (त्या जुन्या यादीतल्या जमातींना) सराईत ठरवणारी कलमं रद्द केली. २०२४! आजा असता तर त्याला वाचून दाखवलं असतं.

काल लेख टाकणारा: मी एवढा विचार करून नव्हतं लिहिलं. फॉरवर्ड आलं होतं.

खडूस: कळलं होतं.

पितळी डबा: पुण्यात शुद्ध कथील लावणारा कोणी माहीत आहे का? चार पातेली आहेत.