मुद्दाम हरून संघ उभा राहतो का? एनबीए पाहणाऱ्यांचे अनुभव

एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगमध्ये तळाशी राहिलेल्या संघांना पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वरच्या क्रमांकाची निवड मिळण्याची शक्यता अधिक असते, म्हणून काही संघ आपले अनुभवी खेळाडू दुसरीकडे पाठवून किंवा बाकावर बसवून हंगामच्या हंगाम हरणे पत्करतात. यालाच टँकिंग म्हणतात. 2019 च्या लॉटरीपासून, म्हणजे निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीपासून, सर्वांत वाईट संघाची पहिल्या निवडीची शक्यता 25 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर आणली गेली, तरी हा प्रकार थांबलेला नाही. ज्यांनी असा संघ मनापासून पाहिला आहे, त्यांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

फिलाडेल्फियाजवळ, न्यू जर्सीतून

सॅम हिंकी 2013 मध्ये फिलाडेल्फियाच्या सिक्सर्स संघाचे महाव्यवस्थापक झाले आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टच्या रात्री त्यांनी नुकताच ऑल-स्टार (लीगच्या निवडक खेळाडूंपैकी एक) झालेला जरू हॉलिडे न्यू ऑर्लिन्सला देऊन टाकला, तेव्हापासून मी हे सारे पाहत आले आहे. पुढच्या तीन हंगामांत संघाने 82 पैकी अनुक्रमे 19, 18 आणि 10 सामने जिंकले. सलग 26 पराभवांनंतर मार्च 2014 मध्ये डेट्रॉइटला हरवले, तो सामना आम्ही स्टेडियममध्ये बसून पाहिला. शेवटच्या मिनिटांत सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि माझ्या शेजारचे वयस्क गृहस्थ डोळे पुसत होते. हंगाम केव्हाच हातचा गेला होता, तरी लोकांना एका साध्या विजयाची किती आस लागली होती, हे मला त्या दिवशी समजले.

फळ मिळालेच नाही, असे मी म्हणणार नाही. 2014 मध्ये तिसऱ्या क्रमांकाने घेतलेला जोएल एम्बीड दुखापतीमुळे पहिले दोन हंगाम खेळू शकला नाही, पण 2023 मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मात्र 2015 च्या तिसऱ्या क्रमांकाचा जाहलील ओकाफोर टिकला नाही, 2016 चा पहिला बेन सिमन्स पुढे ब्रुकलिनला गेला, आणि 2017 मध्ये मार्केल फुल्ट्झसाठी बॉस्टनकडून पहिला क्रमांक घेताना आम्ही जो तिसरा क्रमांक त्यांना दिला, त्यावर त्यांनी पुढे त्यांचा आघाडीचा खेळाडू ठरलेला जेसन टेटम निवडला. 2019 मध्ये प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, टोरांटोविरुद्धच्या मालिकेच्या सातव्या सामन्यात कवाय लेनर्डचा शेवटचा चेंडू रिंगवर चार वेळा उसळून आत पडला आणि आमचा प्रवास दुसऱ्याच फेरीत संपला. ज्या संघात विशीतल्या मुलांना सांभाळून घेणारे ज्येष्ठ खेळाडूच ठेवले नव्हते, तिथे इतक्या वरच्या निवडी वाया जाणे मला आजही अटळ वाटते.

डेट्रॉइट परिसरातून

डेट्रॉइटच्या पिस्टन्सने 2022-23 मध्ये अवघे 17 सामने जिंकले. त्या ड्राफ्टमधला सर्वांत बहुचर्चित खेळाडू व्हिक्टर वेम्बान्यामा मिळेल या आशेवर आम्ही तो हंगाम सोसला, पण तो सॅन अँटोनियोला गेला आणि सर्वांत वाईट संघ असूनही आमच्या वाट्याला पाचवा क्रमांक आला. पुढच्या हंगामात जिंकायचा इरादा होता, नवा प्रशिक्षकही आणला होता, तरी संघ सलग 28 सामने हरला आणि मालकांनी संघ विकावा, अशा घोषणा प्रेक्षकांतून उठू लागल्या. हरण्याची सवय अंगवळणी पडली की ती हवी तेव्हा सुटत नाही, हे मी त्या हिवाळ्यात पाहिले. लॉटरीने पुन्हा पाचवाच क्रमांक दिला. संघ सावरला तो जे. बी. बिकरस्टाफ प्रशिक्षक म्हणून आल्यावर आणि टोबायस हॅरिससारखे जाणते खेळाडू सोबतीला आल्यावर, आणि 2024-25 मध्ये 44 विजय मिळवून तो प्लेऑफला पोहोचला. केड कनिंगहॅम ही 2021 ची पहिली निवड होती, हे मात्र मान्य करायला हवे.

टल्सा, ओक्लाहोमातून

वरील दोन्ही अनुभव खरे असले तरी आमच्या ओक्लाहोमा सिटी थंडरचे उदाहरण वेगळे आहे. डिसेंबर 2021 मध्ये हा संघ मेम्फिसकडून 73 गुणांनी हरला, आणि एनबीएच्या इतिहासात याहून मोठ्या फरकाचा पराभव नाही. साडेतीन वर्षांनी, जून 2025 मध्ये, तोच संघ विजेता झाला. त्या काळातल्या दोन वाईट हंगामांतून दुसऱ्या क्रमांकाचा चेट होल्मग्रेन मिळाला. परंतु संघाचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर 2019 मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात आला होता आणि जेलन विल्यम्स ज्या निवडीतून आला तीही त्याच व्यवहारातली होती. माझ्या मते हरणे उपयोगी ठरले, पण पाया त्या व्यवहाराने घातला.

डॅलसमधून

एप्रिल 2023 मध्ये आमच्या मॅव्हरिक्सची प्ले-इनची, म्हणजे प्लेऑफसाठीच्या पात्रता सामन्यांची, आशा शिल्लक असताना शिकागोविरुद्ध अनेक प्रमुख खेळाडूंना बसवले गेले, कारण आधीच्या एका व्यवहारानुसार आमची ड्राफ्टमधली निवड पहिल्या दहांबाहेर गेली असती तर ती न्यूयॉर्कला द्यावी लागली असती. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. निवड वाचली, तिच्या व्यवहारातून डेरेक लाइव्हली आला आणि पुढच्याच वर्षी संघ अंतिम फेरीत खेळला. हिशेबाने निर्णय बरोबर ठरला, हे मी नाकारत नाही. तरीही मुलाला हौसेने नेलेल्या वडिलांना त्या सामन्यात जे दाखवले गेले, ते मला पटलेले नाही.

मुंबईतून

ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीला इंडियाना आणि सॅक्रामेंटो यांचे सामने झाले, तेव्हापासून मी या दोन्ही संघांचा माग ठेवला आहे. सॅक्रामेंटो 2006 नंतर सलग 16 हंगाम प्लेऑफबाहेर राहिला. त्या काळात वरच्या निवडी मिळत राहिल्या, पण 2018 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर पुढे मोठा तारा ठरलेला लुका डॉन्चिच उपलब्ध असताना त्यांनी मार्विन बॅग्ली घेतला. इंडियानाने असे वर्षानुवर्षे हरणे टाळले. वरळीत खेळलेला सबोनिस त्यांनी 2022 मध्ये सॅक्रामेंटोलाच दिला आणि टायरिस हॅलिबर्टन आणला. त्या हंगामात त्यांचे केवळ 25 विजय झाले आणि सहावा क्रमांक मिळाला, तो मॅथुरिन. 2025 च्या अंतिम फेरीत थंडरला सातव्या सामन्यापर्यंत खेचणाऱ्या त्या संघाने स्वतः ड्राफ्टमध्ये घेतलेल्या खेळाडूंत मॅथुरिनहून वरच्या क्रमांकाचा कोणीही नव्हता.