म्युनिकच्या फुटपाथवर ती नावं का नकोत?

इसारकाठची
जर्मनीत गावोगावी फुटपाथवर नाझींच्या बळींच्या नावांचे, दहा सेंटीमीटरचे पितळेने मढवलेले चौकोनी दगड दिसतात. वर ‘इथे राहत होते’, खाली नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिग या कलाकाराचं काम. लाखावा दगड २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला बसला. म्युनिकच्या सार्वजनिक रस्त्यांवर मात्र परवानगी नाही. २००४ मध्ये दोन दगड पालिकेने उखडले, २०१५ मध्ये पुन्हा नकार. नाझी पक्ष जिथे जन्मला त्याच शहराने असं करावं? मला पटत नाही.

कोथरूडकर
ताई, विरोध कुणाचा हेही सांगा की. शार्लोट क्नोब्लोख, तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष. जन्म १९३२, लहानपणी एका शेतावर लपून वाचल्या. त्यांचं म्हणणं, ज्यांना तुडवून मारलं त्यांची नावं परत बुटांखाली नकोत. आपला साधा वहीला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो!

वाळवंटी
आणि पंढरपूरची नामदेव पायरी? पायाखाली असणं म्हणजे अपमानच, असं कुठंय?

कोथरूडकर
पायरी व्हायचं नामदेवांनी स्वतः मागितलं होतं. या माणसांना कुणी विचारलं?

इसारकाठची
त्यांना नाही, पण कितीतरी दगड नातवंडंच लावून घेतात. त्यांनाही नाहीच म्हणायचं का? बर्लिनला आमच्या शेजारच्या आजी दर ९ नोव्हेंबरला फुटपाथवर गुडघे टेकून दोन दगड घासायच्या. काळपट पितळेतून आधी आडनाव वर यायचं, मग साल. (पुढच्या खेपेला पितांबरी नेणार होते, राहूनच गेलं.) नाव वाचायला मान खाली घालावीच लागते. हा तुडवण्याचा प्रकार वाटतो?

तटस्थ_नाही
दोघंही एकेका नावावर अडलात. गेला तो अख्खा समाज. म्युनिकचं मुख्य सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, हिटलरच्या हुकमाने जून १९३८ मध्येच पाडलं; ९ नोव्हेंबरची देशभरातली सिनेगॉगची जाळपोळ अजून व्हायची होती. त्याचे खांब आणि दहा आज्ञांच्या शिळेचा तुकडा २०२३ मध्ये सापडला कुठे, तर इसार नदीच्या बांधात. युद्धानंतर भराव म्हणून टाकलेला! २० नोव्हेंबर १९४१ ला इथली हजारेक ज्यू माणसं गाडीत भरून लिथुआनियातल्या कौनासला नेली, २५ ला गोळ्या घातल्या. हे चौकोनात कसं मावणार?

कोथरूडकर
म्हणूनच भिंत हवी. नव्या सिनेगॉगजवळ साडेचार हजारांवर नावं आहेत. शिवाय २०१८ पासून घरांवर पाट्या आणि खांब लागतायत, काहींवर फोटोही. डोळ्यांच्या उंचीवर.

इसारकाठची
पाट्या चांगल्या आहेत, मान्य. पण ती साडेचार हजार नावं जमिनीखालच्या बोळात आहेत, सिनेगॉगच्या टूरबरोबरच बघता येतात. मी गेले होते. वर चौकात लोक आइस्क्रीम खात होते, आणि पायांखाली काय आहे हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता.