दुचाकीवर संगीत ऐकताना कानांची काळजी कशी घ्यावी?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. नोकरीनिमित्त मी पुण्यात राहतो आणि शनिवार-रविवारी मोटरसायकलने साताऱ्याला घरी जातो. हेल्मेटमध्ये ब्लूटूथचे स्पीकर बसवून घेतले आहेत, कारण आठवडाभरात निवांत संगीत ऐकायला मिळते ते याच वाटेवर. कात्रजपर्यंत आवाज अर्ध्यावर ठेवला तरी पुरतो. परंतु खेड शिवापूरच्या पुढे वेग ऐंशी-नव्वदपर्यंत गेला की आवाज पूर्ण वाढवूनही ख्यालातला तंबोरा हरवतो आणि तबल्याची फक्त थाप तेवढी कानावर येते. घरी पोहोचल्यावर कानात बारीक शिट्टीसारखा आवाज राहतो आणि तो सकाळपर्यंत जातो. मी स्वतः तबला शिकत असल्यामुळे कानांविषयी काळजी वाटते. अधिक मोठ्या आवाजाचे स्पीकर घ्यावेत, नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा गोंगाट यंत्रणेने कमी करणारे) इअरबड घ्यावेत, की इअरप्लग म्हणजे कानात घालायचे बोळे वापरावेत? इअरप्लग घातल्यास मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल का, ही मुख्य शंका आहे.

उत्तर : श्रुतिवेध

मी श्रवणचाचणीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अधिक मोठ्या आवाजाचे स्पीकर कृपया घेऊ नका. आपल्या कानांना त्रास होतो आहे तो आधी वाऱ्याचा, आणि त्या वाऱ्यावर मात करण्यासाठी वाढवलेल्या संगीताचा त्यानंतर. ताशी साठ-पासष्टच्या पुढे इंजिनापेक्षा हेल्मेटभोवती घुसळणाऱ्या हवेचाच आवाज मोठा होतो. ऐंशी-नव्वदच्या वेगाला हेल्मेटच्या आत तो नव्वद डेसिबलच्या घरात असतो आणि शंभरच्या आसपास ९५ च्याही पुढे जाऊ शकतो. हेल्मेट, मोटरसायकलची पुढची काच आणि बसण्याची ढब यांनुसार त्यात बराच फरक पडतो.

डेसिबलचे मोजमाप सरळ बेरजेचे नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणूनच अमेरिकेतील नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास आणि ९४ ला एकच तास अशी मर्यादा सुचवते. शंभर डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. पुणे ते सातारा हे अंतर दोन-सव्वादोन तासांचे धरले, तर संगीत न लावताही आपण या मर्यादेला भिडता किंवा ती ओलांडता. वाऱ्यापेक्षा वर ऐकू यावे म्हणून लावलेले गाणे त्यात आणखी भर घालते.

प्रवासानंतर कानात राहणारी शिट्टी ही अंतर्कर्णातील ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी थकल्याची खूण आहे. ती सकाळपर्यंत थांबली म्हणजे कान पूर्ववत झाले, असे समजू नये. या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झ या पट्ट्यात सुरू होते, त्यामुळे सुरुवातीला आवाज ऐकू येतो, पण स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात आणि समोरचा माणूस पुटपुटतो आहे असे वाटू लागते. चाटीच्या, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या, बोलातील झळाळी आणि तंबोऱ्याचे वरचे स्वरांश याच पट्ट्याच्या आसपास असल्यामुळे वादकाला ही हानी लवकर जाणवेल.

आपल्या मुख्य शंकेचे उत्तर असे : इअरप्लग वारा, संगीत आणि हॉर्न या तिन्हींचा आवाज एकत्रच उतरवतो. वाऱ्याच्या तुलनेत हॉर्न जितका वर होता, साधारण तितकाच वर राहतो. कानावरचा एकूण भार मात्र कमी होतो. महामार्गाच्या वेगाला हॉर्न बुडवतो तो वारा. फोमचे प्लग उंच स्वर अधिक दाबतात, त्यामुळे आपल्यासाठी सर्व स्वरपट्ट्या बऱ्यापैकी समान उतरवणारे, गाळणी असलेले प्लग योग्य ठरतील. आधी प्लग घाला आणि मग हेल्मेटचे स्पीकर लावा. वारा दबल्यामुळे तंबोरा अधिक स्वच्छ लागल्यासारखा वाटतो.

उत्तर : घाटमाथा

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु दोन गोष्टी जोडतो. प्लग नीट बसला नाही तर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. फोमचा प्लग बोटांनी वळून अगदी बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. पावसाळ्यात दमट कानात मळलेले प्लग घालू नयेत. कानातली बुरशी आपल्याकडे त्याच दिवसांत बळावते.

दुसरे हेल्मेटविषयी. हवा बहुतेक वेळा हनुवटीखालून आणि मानेपाशी असलेल्या फटीतून शिरते, त्यामुळे मापात घट्ट बसणारे, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घेतल्यास फरक लगेच कळतो. मोटरसायकलच्या पुढच्या काचेची उंची चुकली, तर तिच्या कडेवरून उसळलेली हवा थेट हेल्मेटवर आपटते आणि काच नसताना होता त्यापेक्षा अधिक आवाज होतो. स्पीकर बसवण्यासाठी आतले थर्माकोल कोणालाही कोरू देऊ नका. अपघातात डोके वाचते ते त्या थरामुळे.

संगीताबद्दल माझे मत अधिक कडक आहे. खंबाटकी घाट चढताना, आणि परतीच्या वाटेवर तिथल्या बोगद्यात, संगीत पूर्ण बंद असावे. वळणावर मागच्या ट्रकचा गिअर बदलल्याचा आवाजही उपयोगी पडतो, आणि आवडत्या समेची वाट पाहणारे मन रस्त्यावर पूर्ण नसते.

कृष्णाकाठ

दोघांचे मनापासून आभार. घाटात संगीत बंद ठेवणे मान्य आहे. कान मोकळे ठेवणारे, हाडातून ध्वनी पोहोचवणारे हेडफोन अधिक सुरक्षित आहेत का? आणि कायदा काय सांगतो?

उत्तर : नेकारतीर

मी जर्मनीत राहतो आणि येथे दुचाकी चालवतो. हाडातून आलेला ध्वनीही शेवटी त्याच अंतर्कर्णात पोहोचतो, आणि कान उघडे राहिल्यामुळे वारा अडत नाही. मग आवाज वाढवावाच लागतो. नॉइज कॅन्सलिंग इअरबड सलग, खालच्या पट्टीतला घुमारा चांगला कमी करतात, पण झोतांनी येणाऱ्या वाऱ्यापुढे त्यांची यंत्रणा गोंधळते, शिवाय बहुतेकांना श्रवणरक्षणाचे प्रमाणित मानांकन नसते.

कायदा देशागणिक वेगळा आहे. जर्मनीत उपकरणांमुळे चालकाच्या ऐकण्यात अडथळा येता कामा नये, असा नियम आहे. फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून चालकाला कानात इअरफोन घालण्यास बंदी केली, मात्र हेल्मेटमध्ये बसवलेल्या यंत्रणेला मोकळीक ठेवली. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातातल्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात मोडतो, त्यामुळे गाणे बदलण्यासाठी फोन हातात घेणे सर्वथा टाळावे.

श्रुतिवेध

आणखी एक सूचना. प्युअर टोन ऑडिओमेट्री ही साधी, वेदनारहित श्रवणचाचणी एकदा करून घ्या. त्याआधी किमान चौदा तास मोठ्या आवाजापासून आणि दुचाकीच्या लांब प्रवासापासून दूर राहा, म्हणजे तात्पुरत्या थकव्यामुळे निकाल बिघडणार नाही. शिट्टी दुसऱ्या दिवशीही टिकली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लवकर दाखवा, आणि एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले तर त्याच दिवशी जा, कारण तेव्हा उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक होतो.